मंडळातली माणसं: तुमच्या भजनी मंडळानं, दिंडीनं कोणाला कसं सांभाळलं?

पऱ्हाटी

शेजारच्या बिल्डिंगीत काल संध्याकाळी कोणीतरी खंजिरी भजन लावलं होतं. चाकणमध्ये! मी कणीक तिंबत होते, हात तसाच परातीत राहिला.

आमचं गाव तिवसा तालुक्यात, मोझरीपासून सायकलवर जाता येईल इतकं. गावात तुकडोजी महाराजांचं गुरुदेव सेवा मंडळ. दिवेलागणीला सतरंजी अंथरायची, अधिष्ठान मांडायचं, सामुदायिक प्रार्थना. बाबा ढोलकी वाजवायचे. एका पावसाळ्यात ते बैलबंडीवरून पडले आणि पायाचं हाड मोडलं. कमरेपर्यंत प्लास्टर. इकडे वावरात पऱ्हाटीपेक्षा, म्हणजे कपाशीपेक्षा, गवत मोठं, आणि वाफसा आलेला. बाबा कोणाला काही बोलले नाहीत, त्यांचा स्वभावच तसा. संध्याकाळी प्रार्थनेला ढोलकी वाजली नाही, एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत धुऱ्यावर बैलांच्या घाट्या वाजल्या. मंडळातले काका लोक आपापली जोडी, तण काढायचे आपापले डवरे घेऊन आलेले. शिदोरीसुद्धा घरून बांधून. आई चहाची किटली घेऊन धावली तर म्हणतात, "वहिनी, चहा प्रार्थनेनंतर." आमचं वावर घराला लागूनच. बाबांनी खाट दारात ओढायला लावली आणि पडल्या पडल्या ओरडत होते, "अरे त्या चौथ्या तासात (ओळीत) दगड आहे, जपून!" मदतीला आलेल्यांवर दिवसभर मुकादमी केली माणसानं. दुपारपर्यंत वावर साफ.

संध्याकाळी दोघं जण पुन्हा आले, बाबांना खुर्चीसकट उचललं आणि सतरंजीच्या टोकाला नेऊन ठेवलं. मांडी घालता येईना, म्हणून ढोलकी दुपट्ट्यानं खुर्चीच्या हाताला बांधून दिली. ठेका पार वाकडा पडत होता. भगव्या टोप्या घातलेले ते सगळे सरळ चेहऱ्यानं म्हणत राहिले.

तुमच्याकडचं सांगा. गुरुदेव मंडळ असो, वारकरी असो, गजानन महाराजांचं पारायण मंडळ असो. प्रवचन नको, माणसं सांगा.

तुऱ्हाटी

चौथ्या तासातला दगड, हाहा! आमचा बुढा पण असाच होता. दवाखान्यात सलाईन लावलेली अन् फोनवर सांगून राह्यला का मोटर चालू करा, वीज आली असंन.

मधली आळी

आमचं बायकांचं हरिपाठ मंडळ, दर्यापूरकडं. खारपाणपट्टा आहे, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, किडनीचे पेशंट दर गल्लीत. आमच्यातल्या एका काकूंना डायलिसिस लागलं. आठवड्यातून दोनदा अमरावती. घरी मुलगा आहे, पण तो रोजानं जाणारा. दोन दिवस घरी बसला तर चूल कशी पेटंन?

मग आम्ही पाळी लावली. सोमवारची वेगळी, गुरुवारची वेगळी. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं ना, त्यानं फार सोपं झालं. आणि आमच्यात एक आजी आहेत पंचाहत्तरीच्या वरच्या, त्यांचा प्रवास पूर्ण फुकट. त्या म्हणतात मीच जातो दर वेळी, मंडळाचा पैसा कायले घालवता! पण त्यांनाच बसमध्ये चढवायला एक माणूस लागते. मग एका पेशंटमागं दोघी जातो. परत येताना गाडीतच हरिपाठ होतो. कंडक्टर आता ओळखतात, शेवटची सीट आमची.

सप्ताहाच्या पंगतीत काकूंच्या पानावर लोणचं, पापड जाऊ द्यायचं नाही आणि पाण्याचा गिलास मोजूनच. वाढणाऱ्या पोट्ट्यांना काय कळते? म्हणून त्यांच्या बाजूला एक जण जेवण सोडून पहारा देते. मागच्या काल्याला काकूंनी पहारेकरणीच्याच पानातलं लोणचं उचललं. लोक हसून हसून बेजार.

पऱ्हाटी

@मधली आळी, आजींना माझा नमस्कार सांगा. पाळीत कोणाचा खंड पडला की भांडणं होतात का हो?

मधली आळी

होतात ना. बोलणं बंद होते, पण पाळी बंद होत नाही.

बिनटाळाचा

वारीचं सांगतो. दिंडीत शुगरवाले खूप असतात आणि सांगत कोणी नाही. सांगितलं तर पुढच्या वर्षी घरचे येऊ देत नाहीत, ही भीती. शुगरवाल्याच्या पायाला बधिरपणा येतो. चपलेत खडा गेला, फोड आला, फुटला, तरी त्याला पत्ता नसतो. आमच्या दिंडीतल्या एका भाऊंचा अंगठा असाच काळा पडला आणि कापावा लागला.

तेव्हापासून आमचे विणेकरी बुवा मुक्कामी पोचलं की सगळ्यांना ओळीनं पाय लांब करून बसवतात. मोबाईलची बॅटरी लावून तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्यात बघायचं, चपला उलट्या करून झटकायच्या. म्हातारी माणसं लाजतात. बुवांनी पाय धरला की तीही वाकून त्यांच्या पाया पडतात आणि डोक्यावर डोकं आपटतं. वारीत कोणीही कोणाच्या पाया पडतो, त्याचा हा असा उपयोग.

फोड दिसला तर सुईनं फोडायचा नाही, स्वच्छ धुऊन पट्टी बांधायची आणि सकाळी माणसाला सामानाच्या ट्रकमध्ये बसवायचं. हे सर्वात अवघड काम. ट्रकमध्ये बसायचं म्हटलं की रडतात हो. एक बाबाजी तर ट्रक उभा राहिला की मागून उतरून पुन्हा चालायला लागायचे. शेवटी त्यांच्या मांडीवर वीणा दिला. वीणा खाली ठेवता येत नाही, मग उतरणार कसे!

रोडग्याचा धूर

वीण्याची आयडिया जबरी.

आमच्याकडं सप्ताह संपला का दुसऱ्या दिवशी उरलेलं वरण, वांग्याची भाजी, बुंदी डब्यात भरून जे आले नाहीत त्यांच्याकडं न्यायची पद्धत आहे. माही ड्युटी लहानपणापासून. बुढ्यांच्या घरी डबा दिला का ते आधी विचारतात, कीर्तन कोण केलं, पेटी कोण धरली, अन् मग म्हणतात, बसला का, खाऊन जाय. म्हणजे मीच दिलेला डबा मलेच. अर्धा तास एकेका घरी. आधी वाटे टाइम खोटी होते. आता समजते का डबा नाही, गोष्टच पाह्यजे असते त्यायले.

खारी जमीन

सगळं गोड नका लिहू बाप्पा. माझं थोडं कडू आहे.

आमच्या गावातलं मंडळ, नाव घेत नाही. माझे काका टाळकरी, चांगला आवाज. लागोपाठ दोन वर्षं नापिकी, एकदा सोयाबीनवर मोझॅक रोग, दुसऱ्या वर्षी सवंगणीच्या तोंडावर पाऊस. सप्ताहाची वर्गणी फळ्यावर लिहायची पद्धत होती, कोणाची किती आली ते देवळाच्या भिंतीवर. काकांच्या नावापुढं जागा कोरी. काकांनी देवळात जाणं सोडलं. बरं, रोज शेजारी बसणारा माणूस दिसत नाही तर कोणी घरी यावं की नाही? एकही आला नाही. उलट चर्चा, की टाळकऱ्याला गर्व झाला.

काका आता ठीक आहेत, मुलाकडे नागपूरला असतात, तिथल्या मंडळात जातात. पण जो येतो त्याची विचारपूस सगळेच करतात. जो यायचा बंद झाला त्याचं बोला.

पऱ्हाटी

पटलं. फळ्याची पद्धत आमच्याकडेही होती, आणि ती वाईटच.

कडबा कुट्टी

@खारी जमीन, आमच्या मंडळात याच कारणानं फळा काढून टाकला. आता वर्गणी एकाच माणसाकडं, तेही बंद पाकिटात. धान्य द्यायचं तर कोठीघरात पोतं उघडं असते, ज्यानं त्यानं आपलं ओतायचं. कोणी पायलीभर ज्वारी टाकली, कोणी मूठभर, कोण पाहते? एक बुढी माय फक्त चार वांगे घेऊन येते परसातले. तिचे वांगे आधी चिरतात.

दुसरं, आमच्याकडं सामुदायिक ध्यानाला पहाटे जो दिसला नाही त्याच्या घरावरून रामधून न्यायची. दारासमोर थांबून जरा जोरात म्हणायचं. झोपला असंन तर उठते, आजारी असंन तर घरचे बाहेर येऊन सांगतात. एका घरून कोणीच बाहेर आलं नाही, आत म्हातारा एकटाच न्हाणीत पडलेला सापडला, खुब्याचं हाड मोडून. वेळेवर दवाखान्यात गेला म्हणून आज काठी घेऊन का होईना, चालते.

तुऱ्हाटी

अन् जो खरंच झोपलेला असते तो शिव्या देते. अनुभवाचे बोल.

साधनदाता नव्हे

दंडवत प्रणाम. आम्ही महानुभाव पंथी, रिद्धपूरजवळचे. आमच्यात संन्यास घेतलेल्या स्त्रिया आश्रमात राहतात. चक्रधर स्वामींच्या काळापासून बायकांना संन्यासाची मोकळीक आहे. पण म्हातारपणी काय? मूल नाही, बाळ नाही, घर तर सोडलेलं.

आमच्या गावच्या आश्रमात एक तपस्विनी बाई शेवटची काही वर्षं खाटेवर होत्या. त्यांच्याहून लहान बाया त्यांचं सगळं करायच्या, कूस बदलणं, केस विंचरणं, खीर भरवणं. बाईंना दिसत नव्हतं, पण पोथी पाठ. भरवताना लहान बाईनं एखादी लीळा म्हणायची, आणि शब्द चुकला की तोंड मिटून घ्यायच्या! दुरुस्त केल्याशिवाय पुढचा चमचा नाही. गेल्या तेव्हा भूमीडाग दिला. आमच्यात दहन नसते. खड्डा खणायला गावातले सगळ्या जातीचे लोक आले होते, पंथाचे नसलेलेसुद्धा.

बिनटाळाचा

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालं म्हणतात ना? सुरू झालं का नीट?

साधनदाता नव्हे

सुरू झालं. पोरं खोल्या शोधत फिरतात, गावात भाड्याचे भाव वाढले.

वर्धेची वाळू

लहानसं आहे. भाऊजींना घशाचा कॅन्सर, मुंबईला टाटाला दाखवायचं. बहीण कधी नागपूरच्या पुढं गेलेली नाही. मंडळातला एक जण, शिवणकाम करतो, म्हणाला मी येतो. दुकान बंद ठेवून आला. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, टाटाच्या पेशंट लोकांची सोय होते, तिथं राहिले. हा माणूस सकाळी केस पेपरच्या रांगेत आणि संध्याकाळी धर्मशाळेत झाडू घेऊन. कोणी सांगितलं नव्हतं. बाबांच्या जागेत राहून झाडू न धरता कसं राहायचं, असं म्हणे. बघता बघता बाकीच्या पेशंटच्या नातेवाइकांचे उसवलेले कपडेही शिवायला लागला. गावी परत आला तेव्हा ओळखी झालेल्या, बंगाल-बिहारकडचे फोन अजून येतात त्याला. हिंदी येत नाही, बोलतो मात्र तासभर.

रोडग्याचा धूर

भाऊजी कसे आहेत?

वर्धेची वाळू

आवाज बसलाय, भजन बंद. टाळ चालू आहे. जेवतात व्यवस्थित.

कडबा कुट्टी

विषयांतर माफ करा, पण खंजिरीवरून आठवलं. आमची चामड्याची खंजिरी पावसाळी हवेत साफ उतरून जाते, निखाऱ्यावर शेकली तरी दोन भजनात पुन्हा ढप ढप. फायबरचं पान कोणी बसवलं आहे का? आवाज कसा येतो?

तुऱ्हाटी

डब्ब्यासारखा येते. चामड्याचीच ठेवा, कोरड्या कपड्यात गुंडाळून चुलीवरच्या फळीवर.

खारी जमीन

गॅसवाल्यांनी काय करावं?

तुऱ्हाटी

फ्रीजच्या मागं ठेवा, गरम असते तिथं. खरंच सांगतो.

मधली आळी

@पऱ्हाटी, बाबा वाजवतात का अजून?

पऱ्हाटी

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. ढोलकी मंडळाकडेच आहे. डवरे घेऊन आलेल्यांपैकी आता एकच काका उरलेत, त्यांना ऐकू कमी येतं. यंदा पुण्यतिथीला त्यांना मोझरीला जायचंच आहे, 4 वाजून 58 मिनिटांच्या मौनाला सगळ्यांसोबत उभं राहायचं म्हणतात. 1968 साली तुकडोजी महाराज याच वेळेला गेले तेव्हा ते तिथं होते, लहान होते. गर्दी एवढी असते की एकट्याला सोडता येत नाही, आणि मला सुट्टी मिळेल असं दिसत नाही. तिवशाकडून कोणी गाडीनं जाणार आहे का?

कडबा कुट्टी

आमच्या मंडळाचा टाटा एस जाते, पण मागं उभं राहून. काकांना समोर ड्रायव्हरजवळ बसवतो. गावाचं नाव व्यक्तिगत निरोपात टाका. अन् जेवणाचं काय, पथ्य वगैरे?

पऱ्हाटी

पथ्य काही नाही. तिखट कमी. आणि बोलताना उजव्या कानाशी बोला, डावा गेलाय.

रोडग्याचा धूर

टाटा एसमध्ये एक जागा माहीबी धरा बाप्पा. उभं राह्याले तयार आहे.