पट्टी निगेटिव्ह म्हणजे सुरक्षित नव्हे

"फेंटॅनिलची पट्टी निगेटिव्ह आली की धोका टळला" असं कुणीतरी लिहिलंय, ते पटलं नाही. नशेच्या मालात फेंटॅनिल, म्हणजे अफूसारखा असर करणारं अतिशय तीव्र कृत्रिम औषध, आहे का एवढंच ती पट्टी सांगते. नायटाझीन ही तशाच असराची दुसरी कृत्रिम रसायनं ती ओळखतच नाही, कारण त्यांच्या रेणूची घडणच निराळी. १९५०च्या दशकात वेदनाशामक म्हणून शोधलेली ही रसायनं औषध म्हणून कधी विकली गेली नाहीत. २०१९च्या सुमारास आयसोटोनायटाझीन या त्यांच्यातल्याच एका रसायनाच्या रूपाने थेट नशेच्या बाजारात उगवली. लघवीच्या नेहमीच्या तपासणीतूनही निसटतात. मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखणारी प्रयोगशाळेतली तपासणी) लागते, आणि तिथेही ताडून बघायला प्रमाणित नमुना हवाच. एकावर बंदी आली की किंचित बदललेला भाऊ हजर!

नालोक्सोन, म्हणजे अशा नशेचा जीवघेणा असर उतरवणारं औषध, मात्र यांच्यावरही चालतं. पण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. त्यामुळे माणूस उठून बसला तरी रुग्णवाहिका बोलवायचीच.