महासंघाचे फुटबॉल पुरस्कार: निवड एका प्रशिक्षकाने करावी की अनेकांच्या मतांनी?

मूळ मत
अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१९-२० चा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून गुरप्रीतसिंग संधूला निवडले, तेव्हा आयएसएल (इंडियन सुपर लीग) आणि आय-लीग या देशातील क्लब-स्पर्धांमधल्या संघांच्या प्रशिक्षकांनी मते दिली होती. २०२१-२२ साठी मात्र राष्ट्रीय संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांनी सुनील छेत्रीचे नाव दिले आणि तो सातव्यांदा मानकरी ठरला. छेत्रीच्या मोठेपणाबद्दल दुमत नाही. माझा आक्षेप पद्धतीला आहे. त्या मोसमाची आयएसएल संपूर्णपणे गोव्यात झाली आणि तीत गोव्यातल्याच दवर्लीच्या लिस्टन कुलासोने ८ गोल केले, जे भारतीय खेळाडूंमध्ये सर्वाधिक होते. छेत्रीचे ४ होते. डावीकडून आत वळून उजव्या पायाने दूरच्या कोपऱ्यात मारलेले लिस्टनचे फटके ज्यांच्या बचावफळीला झेपले नाहीत, त्या प्रशिक्षकांना एका शब्दानेही विचारले जाऊ नये, हे मला पटत नाही.

प्रतिसाद
मी असहमत आहे. पुरस्कार देशाचा असेल, तर देशासाठी केलेली कामगिरी आधी मोजली पाहिजे. छेत्रीने ऑक्टोबर २०२१ मध्ये मालदीवमधील सॅफ या दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेत ५ गोल केले, आणि जून २०२२ मध्ये कोलकात्यातील आशियाई चषक पात्रता फेरीत ३ सामन्यांत ४. अफगाणिस्तानविरुद्ध ८६ व्या मिनिटाला त्याने घेतलेली फ्री किक आठवा. गोलशून्य सामना तिने उघडला. शिवाय महिलांचे काय? सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू म्हणून मनीषा कल्याणची निवड महिला संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक थॉमस डेनर्बी यांनी केली, आणि ब्राझीलविरुद्ध मनाउसमध्ये तिने केलेला गोल बाकावरून पाहणारे तेच होते. वर्षभराचा खेळ पाहिलेले मतदार आपण आणणार कुठून?

मूळ मतमांडणी करणाऱ्याचे उत्तर
महिलांच्या बाबतीतला मुद्दा मी मान्य करतो. लीगचे सामनेच इतके थोडे असतात की मतदान नावापुरते उरेल. पुरुषांच्या बाबतीत मात्र देशासाठीच्या कामगिरीला किती वजन आणि क्लबसाठीच्या कामगिरीला किती, हे मोसम सुरू होण्याआधी लेखी सांगावे, एवढीच मागणी आहे. तसे सांगून छेत्रीला निवडले असते, तर मी हा विषय काढलाच नसता.

आणखी एक प्रतिसाद
या वादात पंच राहूनच गेले. मी जिल्हा पातळीवर १२ वर्षे पंचगिरी केली आहे. स्टँडमध्ये बसलेला असेसर, म्हणजे पंचाला गुण देणारा परीक्षक, प्रत्येक निर्णयाची नोंद घेतो: पंच चेंडूपासून किती दूर होता, फ्री किकच्या वेळी बचावपटूंची भिंत ९.१५ मीटरवर नेली का, कार्ड वेळेवर काढले का. पावसात भिजलेला असा एक कागद मी लांबून पाहिला, पण माझे गुण मला कोणी दाखवले नाहीत. सर्वोत्तम पंचाची निवड अशाच अहवालांवरून व्हायची असेल, तर ते निदान त्या पंचाच्या हाती पडायला हवेत.

पहिल्या प्रतिसादकर्त्याचे उत्तर
त्याच्या हाती जरूर द्यावेत, परंतु जाहीर करू नयेत. गुण बाहेर फुटले, तर पुढच्याच सामन्यात राखीव खेळाडूंच्या बाकावरून ते त्याला ऐकवले जातील, आणि पेनल्टी देताना त्याच्या मनात कायद्याऐवजी तो आकडा येईल.