नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा आकडा रोज जाहीर करावा का?

सिंहगडरोडकर:
जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडवरच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण एकामागून एक निघाले. आधी जुलाब, ते थांबतात न थांबतात तोच पायातली ताकद गेलेली. काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जिवाणू सापडला. माणसं आयसीयूत पोचली तेव्हा कुठे सगळ्यांचं लक्ष या भागाला पाणी पुरवणाऱ्या विहिरीकडे वळलं! हा जिवाणू क्लोरीनपुढे टिकत नाही. मग पाण्यातल्या क्लोरीनच्या तपासणीचा, म्हणजे ओटी टेस्टचा निकाल वस्तीनिहाय, त्याच दिवशी लोकांना का कळू नये? नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंग बदलला नाही तर नाही. मी घरी करून बघितलं. सोसायटीच्या तळटाकीत पाणी फिकट पिवळं झालं, चौथ्या मजल्यावर मात्र रंगच आला नाही. त्या रात्री मी सगळं पाणी उकळून ठेवलं.

निवृत्त आरोग्यसेवक:
मला हे पटत नाही. तळटाकीत क्लोरीन होतं म्हणजे पालिकेचा आकडा ठीकच आला असता. तुमची गच्चीवरची टाकी कधी धुतली होती? शिवाय आकडा वाईट आला की लोक टँकर आणि जारकडे पळतात. त्या साथीत नांदेड परिसरातले खासगी आरओ प्लांटही बंद करावे लागले होते, हे विसरू नका. आणि मी सगळी नोकरी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हाताळण्यात काढली आहे, म्हणून सांगतो: आकडा चव्हाट्यावर आला की वरून दबाव येतो आणि नोंदवहीत रोज ०.२, म्हणजे किमान हवं तेवढं क्लोरीन, लिहिलं जातं. आज निदान खरं लिहिणारी चार माणसं आहेत.

वस्तीतली नर्स:
दोघंही पाण्यातच अडकलात. रुग्णांच्या नमुन्यांत नोरोव्हायरस हा जुलाबाचा विषाणूही सापडला होता, तो क्लोरीनला इतक्या सहज दाद देत नाही. एका गल्लीत तीन घरांत जुलाब झाले, की पहिली खबर कोपऱ्यावरच्या डॉक्टरला आणि मेडिकलवाल्याला असते. ओआरएसची पाकिटं तिथूनच जातात. पण त्यांना कोणी विचारतच नाही. आशाताईंवर आणखी एक रजिस्टर लादू नका, या दोघांना एक फोन नंबर द्या.

सिंहगडरोडकर:
टाकीचं मान्य. दोन वर्षं धुतली नव्हती, चूक आमचीच. डॉक्टरांचंही पटलं. पण खोटं लिहितील म्हणून वहीच झाकायची? उघड असेल तर मी नळावर ताडून तरी बघेन.

निवृत्त आरोग्यसेवक:
तुम्ही बघाल. आमच्या वस्तीत पहाटे पाऊण तास पाणी, एका नळावर वीस हंडे. तिथे ओटीची बाटली घेऊन कोण उभं राहणार?

वस्तीतली नर्स:
पाणी किती वाजता येतं तुमच्याकडे? मी येते.