आण्णांना हळदीच्या कॅप्सूल चालू करू का? (ब्रेन ट्यूमर, ग्रेड ४)

कृष्णाकाठ_सांगली: नमस्कार मंडळी, आण्णांना ग्लायोब्लास्टोमा निघालाय. मिरजेत ऑपरेशन झालं, आता रेडिएशन आणि रोज टेमोझोलोमाइड (केमोची गोळी) चालू आहे, मधे दोनदा फिट आली म्हणून फेनिटॉइन पण. आण्णांचा जन्म गेला मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर, त्यामुळं भेटायला येणारा जो तो हळदच सांगतोय, एका पाहुण्यांनी तर करक्युमिन (हळदीतला मुख्य घटक) आणि मिरीचा अर्क असलेल्या कॅप्सूलचे दोन डबे आणून ठेवलेत. आई म्हणती हळदच तर हाय, देऊया की. कुणी दिलंय का? दुसरं काही झाडपाल्याचं लागू पडतं का?

मिरजेची_ताई: दादा, त्या कॅप्सूल चालू करू नका. मी फार्मासिस्ट आहे. मिरीतलं पायपेरिन फेनिटॉइनचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, मग माणूस झोकांड्या खातो, जीभ जड होते, नुसता पडून राहतो आणि घरच्यांना वाटतं गाठच वाढली. लॅबमधे करक्युमिन या गाठीच्या पेशी मारतं हे खरं आहे, पण पोटातून रक्तात अगदी थोडं उतरतं (मिरी त्यासाठीच घालतात) आणि त्यातलं मेंदूत शिरणार किती, तिथं रक्तवाहिन्यांचा पहारा असतो. शिवाय अशा कॅप्सूलनी लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत, टेमोझोलोमाइडवर तर लिव्हर जपायलाच लागतं.

वाईकर: सलाई गुग्गुळाबद्दल (सलाईच्या झाडाचा डिंक) डॉक्टरांना विचारा. २०११ साली जर्मनीतला अभ्यास आला होता, ब्रेन ट्यूमरचे ४४ पेशंट, रेडिएशनसोबत रोज ४२०० मिलिग्रॅम अर्क. मेंदूची सूज पाऊण भागापेक्षा जास्त उतरली असे त्यात ६०% निघाले, खोट्या गोळीवाल्यांत २६%. पण हे सुजेचं झालं, गाठीचं नाही, म्हणून सुजेवरचं स्टिरॉइड चालू असेल तर ते आपल्या मनानं कमी करू नका, आमच्या घरात ती चूक झाली आणि रात्रीत ॲडमिट करायला लागलं.

कृष्णाकाठ_सांगली: आणि सदाफुली? शेजारचे काका रोज सकाळी पानं आणून देतात.

मिरजेची_ताई: सदाफुलीतनं व्हिन्क्रिस्टिन काढतात, काही ब्रेन ट्यूमरमधे वापरतात पण, पण ते मोजून शिरेतनं द्यायचं औषध आहे. पानं अजिबात देऊ नका, विषारी आहेत.

कृष्णाकाठ_सांगली: बरं झालं विचारलं. डबे पिशवीत घातलेत, सोमवारी रेडिएशनला जाताना डॉक्टरांना दाखवतो. आईला कसं सांगू तेवढं कळंना, ती रोज देवापुढं ठेवून मग डबा उघडायला बघती.

मिरजेची_ताई: त्यांना सोमवारी सोबतच घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू देत. आमटीतली हळद चालूच ठेवा म्हणावं, ती त्यांच्याच हातची.