पेशीची ‘ध्रुवता’, ‘ध्रुवीयता’ की ‘ध्रुवीकरण’?

सांजवात
एका विज्ञानविषयक अंकासाठी फळमाशीच्या पंखावरील संशोधनाची ओळख करून देणारा लेख मी मराठीत आणत आहे. ‘प्लेनार सेल पोलॅरिटी’साठी, म्हणजे एका थरातल्या पेशींनी त्या थराच्या पातळीत एकच दिशा धरण्यासाठी, मी ‘प्रतलीय पेशीध्रुवता’ असा शब्द योजला होता. संपादकांनी तो सर्वत्र बदलून ‘पेशींचे ध्रुवीकरण’ केला. मसुद्याचे पहिलेच वाक्य ‘पंखातील पेशींचे ध्रुवीकरण झालेले असते’ असे वाचताना मला निवडणूक निकालाचे विश्लेषण वाचत असल्यासारखे वाटले. ध्रुवीकरण म्हणजे दोन तट पडणे, आणि इथे तर सगळा एकोपा आहे. पंखावर सुमारे ३०,००० पेशी असतात, त्यांतील जवळजवळ प्रत्येकीला एकच केस फुटतो आणि ते सारे केस पंखाच्या टोकाकडे कललेले असतात. मला एवढेच विचारायचे आहे की ‘ध्रुवता’ लिहावे की ‘ध्रुवीयता’?

निरुक्तप्रेमी
पेशी स्वतः ध्रुव नसते, तिला ध्रुव असतात. त्यामुळे व्याकरणाने ‘ध्रुवीयता’च टिकते. मात्र माझी हरकत ‘ध्रुव’ या शब्दालाच आहे. संस्कृतात ध्रुव म्हणजे स्थिर, न ढळणारा; म्हणूनच बाळ ध्रुवाला अढळपद मिळाले आणि फिरून फिरून येणारी ओळ ध्रुवपद ठरली. ग्रीक ‘पोलोस’ म्हणजे ज्याभोवती काही फिरते तो आस. परस्परविरोधी दोन टोके हा अर्थ या दोहोंपैकी कशातही मुळात नाही. शाळेतल्या पट्टीचुंबकाने तो आपल्या डोक्यात पक्का केला. पेशीतील ही अवस्था तर घडते, मोडते आणि पुन्हा घडते. अशा चंचल गोष्टीला ‘ध्रुव’ म्हणावे, हे मला पटत नाही.

माशीपाळ
माझी बरीच वर्षे या माश्यांच्या बाटल्या बदलण्यात गेली आहेत, म्हणून थोडे लिहितो. संपादकांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. कोषावस्थेच्या सुरुवातीला ‘फ्रिझल्ड’ आणि ‘व्हॅन गॉख’ ही प्रथिने पेशीच्या कडेने सर्वत्र विखुरलेली असतात. पुढे फ्रिझल्ड पंखाच्या टोकाकडील कडेला गोळा होते, तर व्हॅन गॉख मुळाकडील कडेला, आणि कोष धरल्यापासून सुमारे ३२ तासांनी फ्रिझल्डच्या बाजूने केस डोकावतो. म्हणजे सांजवातताई, तट पडतातच, फक्त ते दोन पेशींमध्ये न पडता एकाच पेशीच्या आत पडतात. या घडामोडीला ध्रुवीकरण म्हणावे आणि त्यातून येणाऱ्या स्थितीला ध्रुवता. संपादकांनी घडामोडीचा शब्द स्थितीला लावला, एवढीच त्यांची चूक आहे.

कृष्णाकाठ
आमच्याकडे उसाची लागण करताना कांडीचा शेंडा कोणता आणि बुडखा कोणता, हे लहान पोरालाही कळते. पेशीला अशी दोन वेगळी टोके असतील, तर ‘शेंडा-बुडखा’ हा रोकडा शब्द सोडून आकाशातला तारा खाली आणण्याची गरज काय?

माशीपाळ
शब्द झकास आहे, पण तो दुसऱ्या अक्षाला लागू पडतो. आतड्याच्या किंवा त्वचेच्या अस्तरातील पेशीला वरची मोकळी बाजू आणि खालची टेकलेली बाजू असते. त्या भेदाला शेंडा-बुडखा खुशाल म्हणावे. माशीच्या गर्भात ‘क्रम्ब्ज’ हे जनुक निकामी झाले की पेशींचा वरचा भाग नीट टिकत नाही, अस्तर विस्कटते आणि बाह्यत्वचेचा अक्षरशः चुरा होतो. जनुकाला ते नावही त्यावरूनच मिळाले. अशा अस्तराला ‘शेंडा ना बुडखा’ असे म्हटले, तर तो वाक्प्रचार प्रथमच शास्त्रीय अर्थाने वापरला जाईल. सांजवातताईंचा प्रश्न मात्र आडव्या पातळीतल्या दिशेचा आहे. कौलांना जशी वरची बाजू असते आणि शिवाय उताराची दिशाही असते, त्यातली दुसरी गोष्ट.

कृष्णाकाठ
मग ‘रोख’ म्हणा. ‘पेशीचा रोख’ हे कोणालाही समजेल.

शुद्धमती
बोलीतील शब्दांचे प्रेम मी समजू शकते, परंतु परिभाषेला साधित रूपे लागतात. ‘रोख’वरून विशेषण कसे करणार? ‘रोखीय’? आणि ‘रोखीचे संशोधन’ म्हटले तर वाचक पैशांकडे जाईल. माझी तक्रार अशा लेखांतील दुसऱ्या एका शब्दाबद्दल आहे. ‘सिग्नलिंग’ला, म्हणजे पेशींनी एकमेकींना निरोप देण्याला, सर्रास ‘संकेत’ म्हटले जाते. मराठीत संकेत म्हणजे रूढी, किंवा प्रेमिकांनी ठरवलेली भेट. संकेतस्थळ हा शब्द संगणकाच्या कितीतरी आधी अभिसारिकेचा होता. इथे ‘संदेशवहन’ हाच शब्द योग्य आहे.

माशीपाळ
वहन प्रत्येक वेळी होतेच असे नाही. ‘हेजहॉग’ आणि ‘विंगलेस’ ही प्रथिने पेशीबाहेर पडून दुसऱ्या पेशींपर्यंत जातात, तिथे वहन म्हणा. ‘नॉच’चे तसे नाही. एका पेशीच्या पटलावरचे ‘डेल्टा’ शेजारणीच्या पटलावरच्या नॉचला भिडते, नॉच तुटते आणि तिचा आतला तुकडा शेजारणीच्याच केंद्रकात जातो. डेल्टाच्या पेशीतून शेजारणीत काहीही वाहून गेलेले नसते. याला स्पर्श म्हणावे किंवा फार तर इशारा.

केसांच्या दिशेचा मामला तर सरळ कर्णोपकर्णी चालतो. पंखातल्या मूठभर पेशींमधूनच फ्रिझल्ड काढून टाकले, तर त्या ठिगळाच्या पलीकडच्या, टोकाकडच्या धडधाकट पेशींचे केसही उलटे फिरून ठिगळाकडे तोंड करतात. सबंध माशीतच फ्रिझल्ड बिघडलेले असेल, तर कार्बन डायऑक्साइडने निपचित केलेल्या माशीचा पंख चिमट्याने काढून काचपट्टीवर पाहावा. विंचरलेल्या केसांच्या जागी जागोजाग भोवरे दिसतात.

कृष्णाकाठ
भोवरे! आमचे आजोबा बाजारात बैलाचे दात पाहण्याआधी अंगावरचे भोवरे पाहत. वाईट जागी भोवरा असला की सौदा मोडलाच म्हणून समजा.

माशीपाळ
आजोबांचे निरीक्षण चुकीच्या निष्कर्षाकडे गेले असेल, पण धागा खरा आहे. उंदरातील फ्रिझल्ड-६ हे जनुक काढून टाकले की त्याच्याही लवेत भोवरे उमटतात.

हापूसवाला
मी शीर्षकाखालच्या पहिल्याच ओळीला अडलो आहे. फळमाशी म्हणजे आमच्या बागेतली ती पिवळसर, जाड माशी, जी चांगल्या फळाच्या सालीत अंडी घालते आणि जिच्यासाठी आम्ही झाडाला रक्षक सापळे टांगतो. तुमची ड्रोसोफिला म्हणजे जास्त पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारे चिलट. तिचे कूळही वेगळे आहे. लेखात ‘फळमाशी’ छापाल, तर कोकणातला वाचक उपाय शोधत शेवटपर्यंत वाचेल आणि शिव्या देईल.

शुद्धमती
ड्रोसोफिला म्हणजे दवावर प्रेम करणारी. ‘दवप्रिया’ का नको? त्याच न्यायाने जनुकांची नावेही मराठीत यावीत: विंगलेसला ‘पंखहीन’, हेजहॉगला ‘साळिंदर’.

माशीपाळ
साळिंदर हा वेगळा प्राणी आहे, कुरतडणाऱ्यांच्या गणातला. हेजहॉग त्यातला नव्हे. न्युस्लाइन-फोलहार्ड आणि व्हीशाउस या शास्त्रज्ञांनी हायडेलबर्गमध्ये १९८० साली वर्णन केलेल्या, हे जनुक बिघडलेल्या अळीच्या पोटावर काट्यांचे वेगवेगळे पट्टे राहत नाहीत, सगळीकडे काटेच काटे होतात, म्हणून ते नाव पडले. विंगलेस हे जनुक बिघडलेल्या माशीचा वाण तर त्याआधी, १९७३ साली, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील आर. पी. शर्मा यांनी नोंदवला होता. पुढे उंदरातले ‘इंट-१’ हे जनुक त्याचेच भावंड निघाले आणि दोन्ही नावे सांधून ‘विंट’ हे कुलनाम झाले. तुम्ही ‘पंखहीन’ केलेत, की विंटमधला ‘विं’ कुठून आला हे मराठी वाचकाला कधीच कळणार नाही.

शुद्धमती
ते ‘तळटीप’ नावाच्या सोयीने कळू शकते. प्रत्येक विशेषनामापुढे शरणागती पत्करली, तर मराठीत केवळ क्रियापदे उरतील.

सांजवात
सर्वांचे आभार. मजकूर उद्या सकाळी परत पाठवायचा आहे. फळमाशीच्या जागी ड्रोसोफिला केले आहे. संदेशवहनाचा निर्णय व्हायचा आहे. ध्रुवता की ध्रुवीयता, एवढे कृपया कोणी सांगेल का?

निरुक्तप्रेमी
ध्रुवीयता, हे मी वर लिहिलेच आहे. मात्र हरकत कायम आहे.

माशीपाळ
ध्रुवता. प्रयोगशाळेत दिवसातून वीस वेळा उच्चारायचा शब्द आखूड असलेला बरा.

हापूसवाला
‘चिलट’ का नाही केलेत?