शाळेत शिकलेले पन्नाशीतही करता यावे

हायस्कूलमधील शारीरिक शिक्षणाच्या तासाला कबड्डी आणि खो-खोचे संघ घडवण्यावरच भर द्यावा, असे मत अनेकदा मांडले जाते. संघ अवश्य घडावेत. परंतु कबड्डीत एका बाजूचे 7 आणि खो-खोत 9 खेळाडू मैदानात उतरतात, तेव्हा पन्नास-साठ मुलांच्या वर्गातील बाकीच्यांनी कडेला बसून काय शिकायचे, हा प्रश्न शिक्षक म्हणून मला सतत बोचतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते, आणि नोकरीत किंवा शेतीत गुंतलेल्या माणसाला त्यासाठी दरवेळी चौदा गडी जमवणे शक्य नसते. त्याला एकट्याने वा दोघांत जमेल असा छंद लागतो, मग ते पोहणे असो, सायकल असो वा बॅडमिंटन.

डोंगर चढणे तर आपल्या दारात आहे. नववीच्या मुलांना बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर नेले, तेव्हा कोणत्याही संघात कधी निवड न झालेली एक मुलगी अर्ध्या चढावर थांबली, मनगटावर बोटे ठेवून तिने नाडी मोजली आणि धाप कमी झाल्यावर कुणाशीही शर्यत न लावता ती पुन्हा चालू लागली. आपला वेग आपणच ओळखण्याचे हे कौशल्य परीक्षेच्या गुणपत्रिकेत कुठेच दिसत नाही, याची मला खंत वाटते.

पोहण्याबाबत मात्र माझा आग्रह आहे की, पूर्वी खेड्यांतील विहिरींवर पाठीला भोपळा बांधून वडीलधारे जसे शिकवत, तसे जाणत्याच्या देखरेखीखालीच ते शिकवावे.