केस चालतच नाही, मग बेल कशावर ठरवायची?

धनकवडीकर
शेजारचा पोरगा तीन वर्षं झाली येरवड्यात आहे, कलम 395, दरोडा. त्याने केलं की नाही मला माहीत नाही आणि माझा मुद्दा तो नाहीच. मागच्या आठवड्यात त्याच्या आईसोबत शिवाजीनगर कोर्टात गेलो, वकिलांनी रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) नक्कल काढली होती ती बाकड्यावर बसून वाचली. आरोपीला आणलं नाही, सोबत द्यायला पोलीस गार्ड नाही. साहेब रजेवर. सरकारी वकिलांनी ‘से’साठी, म्हणजे लेखी म्हणण्यासाठी, मुदत मागितली. परत आरोपीला आणलं नाही. अजून चार्जच फ्रेम नाही, म्हणजे आरोपच निश्चित नाहीत, साक्षीदार तर लांबच. तिला वाचता येत नाही, ती एवढंच विचारत होती की यात माझ्या लेकाची चूक कुठं लिहिलीय. एका पण तारखेला नव्हती. आणि बेल नाकारली, का तर गुन्हा गंभीर. गंभीर आहेच हो, पण मग चालवा ना! मला वाटतं बेल ठरवताना जजसाहेबांनी एफआयआरच्या शेजारी रोजनामा ठेवावा आणि बघावं की उशीर केला कोणी.

बिबवेवाडीची
माझ्या भावावर कोयत्याने वार झालेत, दोन बोटं गेली. आरोपी दोन वर्षांनी बाहेर आला, ऑर्डरमध्ये हेच, ट्रायलला वेळ लागेल. महिन्याभरात समोरच्या दुकानदाराने जबाब फिरवला, आणि त्याने तर स्वतः रिक्षा थांबवून भावाला दवाखान्यात नेलं होतं. तुमच्या रोजनाम्यात साक्षीदाराची भीती कुठल्या रकान्यात येते? तळोजा जेलमधून सुटलेल्या त्या गुंडाची 2021 ला एक्सप्रेसवेवर गाड्यांची रांग बघितली ना सगळ्यांनी?

पेठेतला वकील
ताई, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं, पण ती एक्सप्रेसवेवाली केस बेलची नव्हती, तो खटल्यातून निर्दोष सुटला होता. आता कायदा सांगतो. जुलै 2024 पासून बीएनएसएसचं (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 479 आहे, कमाल शिक्षेची निम्मी मुदत आत काढली तर बेल, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश. पण जन्मठेप किंवा फाशीच्या कलमांना ते लागू नाही, 395 मध्ये जन्मठेप आहे, म्हणजे या पोराला उपयोग शून्य. मग राहतं घटनेचं कलम 21, जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क. 2021 च्या के. ए. नजीब केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की यूएपीएसारखा दहशतवादविरोधी कडक कायदा असला तरी खटला वाजवी वेळेत संपणार नसेल तर घटनात्मक कोर्ट, म्हणजे हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्ट, बेल देऊ शकतं. नजीब पाच वर्षांवर आत होता, 276 साक्षीदार बाकी. आपल्या विश्रामबाग पोलीस स्टेशनला सुरू झालेली एल्गार परिषदेची केस बघा, रोना विल्सन आणि सुधीर ढवळे 2018 पासून आत, चार्ज फ्रेम नाही, हायकोर्टाने बेल दिली जानेवारी 2025 ला. साडेसहा वर्षांनी!

हडपसर_११
म्हणजे ज्याचा वकील मुंबईला हायकोर्टात जाऊ शकतो त्यालाच कलम 21. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालं पण पुणं त्यात नाही.

बिबवेवाडीची
मी पण तेच म्हणते, उशिराचं बक्षीस आरोपीला का? पोलिसांनी आणलं नाही, सरकारने जज भरले नाहीत, त्याचा भुर्दंड माझ्या भावाने भरायचा?

धनकवडीकर
ताई, भुर्दंड दोघांवर पडतोय, तुमच्या भावावर पण आणि त्या आईवर पण. पण आत ठेवल्याने तुमची केस लवकर चालली असती का? ती दोन वर्षं तो आत होता तेव्हा किती साक्षीदार तपासले?

बिबवेवाडीची
एक. पंच. तो पण फितूर.

पेठेतला वकील
महाराष्ट्रात साक्षीदार संरक्षणाचा 2017 चा कायदा आहे, दुकानदारासाठी अर्ज झाला होता का? आणि अटी मोडल्या, धमकी दिली, तर बेल रद्द करायचा अर्ज करता येतो. पुरावा लागतो पण, कॉल रेकॉर्डिंग, सीसीटीव्ही, काही तरी.

बिबवेवाडीची
कोणी सांगितलंच नाही असला कायदा आहे म्हणून. दुकानाच्या बाहेर कॅमेरा आहे, फूटेज राहिलंय का बघते. पण माझं मत बदललेलं नाही, मारामारीच्या केसमध्ये आधी डोळ्याने बघणाऱ्यांच्या साक्षी घ्या, मग बेलचं बघा.

धनकवडीकर
हे मात्र पटलं. आमच्या पोराच्या केसमध्ये पण तसंच करा म्हणतो, महिन्याभरात चार साक्षी घ्या, मग नाकारा हवी तर. पुढची तारीख 14 ला आहे, आईला घेऊन जातोय, गार्ड मिळाला तर तो दिसेल तिला.